विसरायला लागणारा वेळ

पाण्याच्या साध्या पीईटी बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ती आक्रसते. खांद्याचा भाग आत ओढला जातो, बाटली बुटकी होते, भिंती जाड होतात. बघणारा सहज म्हणून जातो, 'वितळली.' पण पीईटी वितळायला २५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि पाणी तर १०० अंशांवर उकळतं. मग बाटलीला झालं काय?

ही बाटली कारखान्यात आधी प्रीफॉर्म होती, म्हणजे जाड भिंतीची, तळ बंद असलेली आखूड नळी. ती सुमारे १०० अंशांपर्यंत तापवली, आत सळई घालून लांब ताणली, हवेनं फुगवली आणि थंड साच्याच्या भिंतीवर दाबली. ताणलेले रेणू तिथे तसेच गोठले. पुढे कधीतरी घरात तिच्यात ८० अंशांहून गरम पाणी पडलं, रेणूंना हालचालीची मुभा मिळाली आणि ते आपल्या जुन्या आकाराकडे परतू लागले. ताण देऊन कितीही महिने झालेले असोत, तो त्यांच्यात शिल्लकच होता.

बाटलीत जे उघड दिसतं, तेच प्लास्टिकच्या प्रत्येक कारखान्यात, वितळलेल्या मालातही घडत असतं. प्लास्टिकच्या रेणूंना त्यांच्यावर पडलेला ताण विसरायला वेळ लागतो. यंत्र तेवढा वेळ देतं की नाही, यावर वस्तू कशी निपजणार ते ठरतं. डायमधून, म्हणजे मालाला आकार देणाऱ्या तोंडातून, बाहेर पडताच पाइप का फुगतो, फिल्मचा पृष्ठभाग खरखरीत का होतो, डब्याचं झाकण वाकडं का निघतं, पोत्यावर एकच आकडा असलेले प्लास्टिकचे दोन दाणे एकाच मशिनवर वेगळे का वागतात, या सगळ्या प्रश्नांची मुळं या एका गोष्टीत आहेत. ती सावकाश उलगडून पाहू.

सुरुवात रेणूपासून करावी लागेल. पाण्याचा रेणू आटोपशीर असतो. ढकलला की सरकतो आणि ढकलणं थांबलं की त्याच्यात कसलीच खूण उरत नाही. पॉलिथिनचा रेणू म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. दोन लाख रेणुभाराच्या साखळीत सुमारे चौदा हजार कार्बन अणू एकापुढे एक जोडलेले असतात. ती सरळ ताणली तर तिची लांबी जाडीच्या साडेतीन हजार पटींहून अधिक भरेल. पण वितळलेल्या अवस्थेत ती सरळ नसते. स्वतःभोवती वेटोळी होऊन ती आजूबाजूच्या असंख्य साखळ्यांत गुंतलेली असते. शिवणाच्या डब्यात सुट्या दोऱ्यांचा गुंता झालेला सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यातला एक दोरा धीरानं, हलक्या हातानं ओढला तर वळणं घेत निघून येतो. झटका दिला की सगळा गुंता एकदम ताणला जातो आणि हात सोडताच मागे येतो. दोरे तेच, गुंता तोच. फरक पडतो तो ओढण्याच्या वेगामुळे.

वितळलेलं प्लास्टिक नेमकं असंच वागतं. हळू ढकललं तर ते द्रव असतं. झटक्यानं ढकललं तर ते रबरासारखं ताणलं जातं आणि परत येऊ पाहतं. 'हळू' आणि 'झटक्यानं' यांमधली सीमा त्या साखळ्यांना गुंत्यातून वाट काढत आपली मूळची सैल वेटोळी पुन्हा घ्यायला किती वेळ लागतो यावर ठरते. हा त्यांचा विसरण्याचा काळ. पीईटीसारख्या आखूड साखळ्यांच्या वितळलेल्या मालात तो सेकंदाचा शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. पाइपसाठी वापरतात तशा लांब साखळ्यांच्या पॉलिथिनमध्ये काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त. या काळाला यंत्राच्या काळानं भागलं की जो आकडा येतो, त्याला १९६४ मध्ये मार्कस रायनर यांनी डेबोरा अंक हे नाव दिलं. तो एकापेक्षा बराच लहान असेल तर माल पाण्यासारखा सगळं विसरतो. मोठा असेल तर प्रत्येक ताण लक्षात ठेवून पुढे जातो.

साखळीच्या लांबीचा यावर होणारा परिणाम थक्क करणारा आहे. एका मर्यादेपुढे साखळीची लांबी दुप्पट केली की सावकाश वाहणाऱ्या मालाचा दाटपणा दुपटीवर थांबत नाही, जवळजवळ साडेदहा पट होतो. मोजमापं सांगतात की दाटपणा लांबीच्या ३.४ व्या घाताप्रमाणे वाढतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पियेर-जील द जेन यांनी १९७१ मध्ये याचं मूळ कारण दाखवलं. गुंत्यातल्या साखळीला आडवं सरकता येत नाही, कारण सगळीकडे शेजाऱ्यांची अडचण असते. तिला फक्त स्वतःच्याच लांबीच्या वाटेनं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरपटत बाहेर पडता येतं. लांबी वाढली की वाटही वाढते आणि सरपटण्याचा वेगही मंदावतो. त्यांच्या गणितातून घात ३ आला, प्रयोगातल्या ३.४ च्या अगदी जवळ. द जेन यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागच्या कामात याचाही वाटा होता.

आता कारखान्यात येऊ. मशिनच्या हॉपरमधून पडलेला प्लास्टिकचा दाणा तापलेल्या बॅरलमध्ये वितळतो, स्क्रू त्याला पुढे ढकलतो आणि माल अरुंद वाटेतून निघतो. भिंतीला चिकटलेला थर जवळजवळ थांबलेला असतो, मधला धावत असतो. शेजारच्या थरांमधला वेगाचा फरक त्यांच्यातल्या अंतराच्या मानानं किती आहे, त्याला शिअर रेट म्हणतात. कॉम्प्रेशन मोल्डिंगमध्ये तो सेकंदाला एक ते दहाच्या घरात असतो, पाइप किंवा फिल्मच्या एक्स्ट्रूडरमध्ये शंभर ते हजार, तर इंजेक्शन मोल्डिंगमध्ये माल साच्यात जिथून शिरतो त्या गेटमध्ये दहा हजारांच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे हॉपरपासून साच्यापर्यंतच्या काही फुटांच्या प्रवासात एकाच मालाला कितीतरी वेगवेगळ्या वेगांना तोंड द्यावं लागतं.

वेग वाढला की साखळ्या प्रवाहाच्या दिशेनं ताणल्या जातात आणि पुन्हा गुंतायला त्यांना सवड उरत नाही. गुंता जितका सैल तितका माल पातळ. पाण्याचा किंवा साध्या खनिज तेलाचा दाटपणा वेगानं बदलत नाही. तिथे शंभर पट वेगानं ढकलायचं तर शंभर पट दाब लागतो. नेहमीच्या प्लास्टिकला शंभर पट वेगासाठी साधारण सहा-सात पट दाब पुरतो. दाटपणा आपोआप पंधरा-सोळा पटींनी उतरलेला असतो. ही सवलत नसती तर इंजेक्शन मोल्डिंग हा धंदाच उभा राहिला नसता. घट्ट माल मिलिमीटरभर फटीतून एका सेकंदात साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचवण्याएवढा दाब कोणत्याच मशिनला झेपला नसता.

याची एक व्यवहारातली बाजू आहे. शॉट, म्हणजे एका वेळी साच्यात जाणारा माल, पुरता भरत नाही म्हटलं की पहिला हात तापमानाच्या बटणाकडे जातो. पॉलिथिनच्या बाबतीत हे सहसा महागात पडतं. १९० वरून २०० अंशांवर नेलं तर त्याचा दाटपणा जेमतेम १४-१५ टक्क्यांनी उतरतो. उलट थंड व्हायला जास्त वेळ लागतो, सायकल लांबते आणि माल करपण्याची भीती वाढते ती वेगळीच. तिथे इंजेक्शनचा वेग वाढवणं जास्त उपयोगी. पॉलिकार्बोनेटचं उलटं. त्याचा दाटपणा तापमानाला खूपच जास्त दाद देतो, वेगाला तितका देत नाही. कोणतं बटण फिरवायचं हे सवयीनं ठरवता येत नाही. ते दाण्याच्या स्वभावावरून ठरतं.

हा स्वभाव ओळखण्यासाठी बाजारात एकच आकडा चालतो, एमएफआय, म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. तो मोजण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. उभ्या नळीत चमचाभर दाणा टाकतात. पॉलिथिन असेल तर १९० अंशांवर, पॉलिप्रॉपिलीन असेल तर २३० अंशांवर तो वितळू देतात. वर दट्ट्या आणि त्यावर २.१६ किलोचं वजन. खाली २.०९५ मिलिमीटर व्यासाचं आणि ८ मिलिमीटर लांबीचं छिद्र. त्यातून निघणारी तार ठरावीक वेळानं कापायची, थंड झाली की वजन करायचं आणि दहा मिनिटांत किती ग्रॅम निघाले ते काढायचं. आकडा मोठा तर माल पातळ, लहान तर घट्ट. खरेदी-विक्री, लॉट पास करणं, नापास करणं, सगळं यावर चालतं.

या चाचणीत मालावर येणारा दाब साधारण तीन वातावरणांएवढा असतो. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये तो हजार वातावरणांपर्यंत जातो. एमएफआय १ असलेल्या पॉलिथिनला इथे सेकंदाला जेमतेम अडीचचा शिअर रेट अनुभवायला मिळतो. याचा अर्थ असा, की दाणा सावकाश चालताना कसा वागतो एवढंच हा आकडा सांगतो. धावताना कसा वागेल ते त्यातून थेट कळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. शेणॉय, डी. आर. सैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर मोलाचं काम केलं. एकाच जातीच्या प्लास्टिकचे निरनिराळे ग्रेड घेऊन दाटपणाला एमएफआयनं गुणलं आणि शिअर रेटला एमएफआयनं भागलं, तर सगळ्यांचे आलेख एकाच रेषेवर येऊन बसतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे त्या जातीची एक सामाईक रेषा हाती असली, तर लहान कारखान्यालाही महागडं उपकरण न घेता, साध्या एमएफआयवरून मशिनमधल्या वेगाला आपला माल किती घट्ट असेल याचा अंदाज काढता येतो. साध्या चाचणीला एवढं बोलकं करणारं हे काम आपल्याकडे झालं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मात्र त्यात 'एकाच जातीच्या' ही अट आहे आणि ती महत्त्वाची आहे. जात बदलली, साखळीची ठेवण बदलली, की तोच एमएफआय वेगळी गोष्ट सांगतो. फिल्मच्या धंद्यानं हे चांगलंच अनुभवलं. पॉलिथिन पहिल्यांदा इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ मध्ये हाती लागलं. उच्च दाबाखाली तयार होणाऱ्या या एलडीपीईच्या साखळीला लांब लांब फांद्या असतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एलएलडीपीई हे नव्या जातीचं पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बाजारात आलं. त्याची फिल्म जास्त चिवट होती, म्हणून कमी जाडीत काम भागत होतं. त्याच्या साखळीला फांद्या असतात, पण अगदी आखूड. दोन्ही दाण्यांचा एमएफआय १. जुन्या मशिनवर नवा दाणा टाकला आणि अडचणी सुरू झाल्या. मोटरवर भार वाढला, बाहेर पडणारी फिल्म खरखरीत झाली, हवेनं फुगवलेला फिल्मचा फुगा डगमगू लागला.

कारण विसरण्याच्या काळात आहे. लांब फांद्या असलेली साखळी सरपटत बाहेर पडू शकत नाही, फांद्या अडकतात. त्यामुळे एलडीपीईचं विसरणं फार लांबतं. परिणामी ते कमी वेगातच पातळ व्हायला लागतं आणि मशिनच्या वेगाला पोहोचेपर्यंत बरंच पातळ झालेलं असतं. एलएलडीपीई लवकर विसरतं, म्हणून ते त्याच वेगाला बरंच घट्ट राहतं. मोटरवरचा भार हा त्याचाच.

फुग्याच्या बाबतीत हाच गुण उलट बाजूनं दिसतो. ब्लोन फिल्ममध्ये गोल डायच्या मिलिमीटरभर फटीतून निघालेली वितळलेली नळी हवेनं दोन-तीन पट व्यासाची फुगवतात आणि वरून रोलर तिला वेगानं ओढत असतात. मिलिमीटरची जाडी काही क्षणांत तीस-चाळीस मायक्रॉनवर येते. इथे साखळ्या एकमेकींवरून घसरण्यापेक्षा ताणल्या जास्त जातात. एलडीपीईच्या अडकलेल्या फांद्या ताणाला अधिकाधिक विरोध करत जातात. फुग्यात एखादी जागा पातळ झाली की तीच जास्त ताणली जाते, म्हणून तीच कडक होते, आणि पुढचा ताण आजूबाजूच्या जाड भागावर जातो. फुगा स्वतःच स्वतःला सावरतो. एलएलडीपीईला ही सोय नाही. म्हणून आजही अनेक फिल्म उत्पादक एलएलडीपीईमध्ये थोडं एलडीपीई मिसळतात. शेतात मल्चिंगसाठी अंथरलेल्या किंवा पॉलिहाउसवर ताणलेल्या प्लास्टिकच्या कागदाची सारखी जाडी बऱ्याच अंशी त्या थोड्याशा मिश्रणाच्या जोरावर टिकलेली असते.

फिल्म खरखरीत होण्याचं कारण डायच्या अगदी ओठाशी सापडतं. आत भिंतीला चिकटून जवळजवळ थांबलेला थर बाहेर पडल्याबरोबर मोकळा होतो आणि त्याला एका क्षणात, केसाएवढ्या अंतरात, मधल्या थराचा वेग गाठावा लागतो. विसरायला सवडच नसते, त्यामुळे तो पातळ थर ताणला जाऊन फाटतो, पुन्हा साचतो, पुन्हा फाटतो. पृष्ठभागावर बारीक आडव्या रेघा उमटतात. त्याला शार्कस्किन म्हणतात. एलएलडीपीईमध्ये भिंतीजवळचा ताण ०.१ मेगापास्कलच्या आसपास पोहोचला की त्या दिसू लागतात. तिथून वेग आणखी वाढवला तर सगळाच प्रवाह वेडावाकडा, पिळवटलेला बाहेर येतो. उपाय दोन निघाले. डायची फट रुंद करायची, म्हणजे भिंतीवरचा ताण उतरतो. किंवा दाण्यात दर दहा लाख भागांत काही शे भाग फ्लोरोपॉलिमर मिसळायचं. ते भिंतीवर अस्तरासारखं बसतं, माल चिकटण्याऐवजी घसरू लागतो आणि ओठाशी बसणारा झटका नाहीसा होतो. फ्लोरिनयुक्त रसायनं पर्यावरणात टिकून राहतात ही चिंता वाढल्यानं आता फ्लोरिनविरहित पर्याय शोधले जात आहेत.

डायबाहेर माल फाटला नाही तरी फुगतो. अरुंद वाटेत शिरताना साखळ्या ताणल्या गेलेल्या असतात. बाहेर पडून भिंतीचं बंधन सुटलं की त्या आखूड होऊ पाहतात, म्हणून तार जाड होते. अगदी सावकाश निघणाऱ्या साध्या दाट द्रवाची धारसुद्धा तेरा टक्क्यांनी रुंदावते, पण वितळलेलं प्लास्टिक दीडपट, दुप्पट, कधी त्याहूनही जास्त फुगतं. इथे एक साधी गोष्ट सगळा सिद्धांत स्पष्ट करते. डायचा सरळ भाग लांब ठेवला तर फुगवटा कमी होतो, कारण तेवढ्या प्रवासात माल तोंडाशी बसलेला ताण विसरत जातो. वेग वाढवला तर फुगवटा वाढतो, कारण विसरायचा वेळ कापला जातो. चौकोनी पट्टी हवी असेल तर चौकोनी डाय उपयोगाचा नाही. बाजूंचा मधला भाग कोपऱ्यांपेक्षा जास्त फुगतो, म्हणून डायच्या बाजू आत दबलेल्या ठेवाव्या लागतात. खिडक्यांच्या चौकटींचे प्रोफाइल बनवणाऱ्यांचं निम्मं कसब यातच आहे.

फुगलेल्या पाइपला मापात आणण्यासाठी त्याला पुढे ओढतात. जास्त ओढला तर नवा ताण त्याच्यात गोठतो. तो किती गोठला, हे तपासण्याची चाचणी पाइपांच्या मानकांमध्येच आहे. पॉलिथिनच्या पाइपचा तुकडा घ्यायचा, त्यावर १०० मिलिमीटरच्या अंतरावर दोन खुणा करायच्या, ११० अंशांवर ठेवायचा आणि थंड झाल्यावर खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. पाण्याच्या पाइपमध्ये ते तीन टक्क्यांहून जास्त कमी झालेलं चालत नाही. दिसायला ही लांबीची चाचणी आहे. खरं तर यंत्रानं घाई किती केली, तेच त्यात मोजलं जातं.

साच्यात विसरण्याला सगळ्यात कमी वाव मिळतो. २२० अंशांचा माल ३०-४० अंशांच्या पोलादी भिंतीवर जाऊन आदळतो. प्रवाहाच्या टोकाशी मधला माल पुढे येतो, दोन्ही बाजूंना वळतो, वळताना ताणला जातो आणि भिंतीला टेकताच गोठतो. मधला गाभा मात्र कित्येक सेकंद गरम राहतो आणि निवांतपणे विसरतो. त्यामुळे दोन मिलिमीटरच्या भिंतीत दोन वेगळ्या इतिहासांचे थर एकमेकांना चिकटून असतात. त्यांचं आकसणं सारखं नसतं, प्रवाहाच्या दिशेनं एक आणि आडव्या दिशेनं दुसरं. सपाट झाकण वाकडं होतं ते यामुळे.

हे घरीही पाहता येतं. लॅपटॉपच्या पडद्यावर पांढरं पान उघडावं, पारदर्शक कडक प्लास्टिकची मोजपट्टी किंवा सीडीची डबी त्याच्यासमोर धरावी आणि पोलराइज्ड गॉगलमधून पाहावं. बिनरंगी प्लास्टिकमध्ये रंगांचे पट्टे उमटतात. माल जिथून आत शिरला त्या गेटच्या खुणेपाशी ते दाटीवाटीनं असतात आणि पुढे विरळ होत जातात. गोठलेला ताण असा डोळ्यांना दिसतो. सीडीच्या तबकडीत हे पट्टे चालणार नव्हते, लेझरचं वाचन बिघडलं असतं. म्हणून तिच्यासाठी पॉलिकार्बोनेटचा मुद्दाम आखूड साखळ्यांचा, चटकन विसरणारा ग्रेड वापरला गेला.

मग सगळ्याच वस्तूंसाठी आखूड साखळ्या का वापरू नयेत? याचं उत्तर मेणात आहे. पॅराफिन मेण आणि पॉलिथिन यांची रासायनिक घडण जवळजवळ एकच, पण मेणाची साखळी वीस-तीस-चाळीस कार्बनची. गुंता नाही, म्हणून ते वितळलं की पाण्यासारखं वाहतं आणि लगेच विसरतं. आणि गार झालं की बोटांनी मोडतं. पाइपला, क्रेटला, पाण्याच्या टाकीला जे बळ मिळतं ते त्याच गुंत्यातून येतं, जो वितळलेल्या मालाला विसरू देत नाही. साच्यात खुंटीला वळसा घालून दोन प्रवाह एकत्र येतात, तिथल्या सांध्यावरूनही हे कळतं. त्या रेषेवर एका बाजूच्या साखळ्यांना सरपटत दुसऱ्या बाजूला जाऊन गुंतायचं असतं. माल लवकर गोठला तर हे काम अपुरं राहतं आणि वस्तू पुढे नेमकी त्याच रेषेवर तडकते. ताण विसरायला वेळ लागतो, तसाच जोडलं जायलाही लागतो, आणि दोन्ही कामं एकाच सरपटण्यातून होतात. म्हणून फुगवटा, खरखर आणि वाकणं यांना नुसते दोष म्हणणं मला पटत नाही. ती बळाची किंमत आहे, आणि ती किती मोजायची हे यंत्र चालवणाऱ्याला समजून ठरवता येतं.

हा विचार आज पुनर्वापराच्या संदर्भात फार निकडीचा झाला आहे. २०२२ मध्ये प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनंतर पॅकेजिंगमध्ये पुनर्वापरित प्लास्टिकचं किमान प्रमाण ठरवून दिलं गेलं आहे. गोळा केलेलं, धुतलेलं, दळलेलं पॉलिप्रॉपिलीन पुन्हा वितळवताना त्याच्या साखळ्या तुटतात, आणि सगळ्यात लांब असतात त्या आधी. एमएफआय वाढतो. पॉलिथिनमध्ये कधी उलटं होतं, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि माल घट्ट होतो. पीईटी नीट न सुकवता वितळवलं तर त्यातल्या ओलाव्यानं साखळ्या कापल्या जातात. मग पातळ झालेला माल आणि घट्ट माल मिसळून एमएफआय पुन्हा ग्राहकाला हव्या त्या आकड्यावर आणून ठेवता येतो. पोत्यावरचा आकडा बरोबर असतो. पण आत काही साखळ्या फार लांब, काही फार आखूड असतात. तो माल नव्या दाण्यासारखा फुगत नाही, ताणला जात नाही, जोडला जात नाही. मग मशिनवरचा माणूस दिवसभर तापमान वर-खाली करत राहतो, आणि नावं मात्र पुनर्वापरित मालाला ठेवली जातात.

यावर एक उपाय त्याच एमएफआयच्या यंत्रावर उपलब्ध आहे, आणि मानकांनी तो कधीचाच मान्य केलेला आहे. २.१६ किलोच्या चाचणीनंतर त्याच मालावर २१.६ किलोचं वजन ठेवून पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागायचं. दाटपणा वेगानं न बदलणाऱ्या द्रवाचा भागाकार दहा येईल, कारण वजन दहा पट आहे. नेहमीच्या एलएलडीपीईचा तो पंचवीस-तीसच्या घरात येतो, लांब फांद्यांच्या एलडीपीईचा त्याहून बराच जास्त. माल सावकाश चालताना आणि धावताना यांत किती फरक पडतो, साखळ्यांच्या लांबीत आणि ठेवणीत किती विविधता आहे, याचा अंदाज या एका भागाकारातून येतो. आणखी एक आकडा तर फुकटात मिळतो. वजन करून टाकून दिली जाणारी ती तार मायक्रोमीटरमध्ये धरावी. छिद्र २.०९५ मिलिमीटरचं होतं. तार जेवढी त्याहून जाड, तेवढा ताण त्या मालानं लक्षात ठेवला.

पुनर्वापरित दाण्याच्या प्रत्येक पोत्यावर एमएफआयच्या शेजारी हे दोन आकडे असावेत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी नवं यंत्र घ्यावं लागत नाही, फार तर अर्ध्या तासाची मेहनत लागते. ते आकडे हाती असले तर मशिनवरच्या माणसाला वेग कुठे सोडायचा, डाय किती रुंद ठेवायचा, मालाला साच्यात किती वेळ द्यायचा हे शॉट बिघडण्याआधीच ठरवता येईल. पुनर्वापरित प्लास्टिकला चांगल्या वस्तूंमध्ये मानाची जागा मिळायची असेल, तर सुरुवात या मोजणीपासून करावी लागेल.